मार्थामावशीचा नाताळचा सिनेमा

हे मी अजून कोणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच — तिच्या पोटात काही राहत नाही, चहा व्हायच्या आत ती शेजारी जाऊन सांगून मोकळी होईल. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मार्थामावशीला ओळखत नाही. कारण फारसं बरं नाही, मला ठाऊक आहे. पण तेच आहे.

डिसेंबर लागला की मला एका जागी बसवत नाही. रांजणगावच्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. कॅन्टीनमध्ये कोणीतरी कापसाचा बर्फ लावलेलं झाड ठेवतं, आणि लाइनवरच्या पोरी विचारतात — मॅडम, नाताळला बघायला चांगला सिनेमा सांगा ना, तुम्ही दरवर्षी बघता म्हणे? मी डबा अर्धा टाकून उठते. त्यांना वाटतं, मॅडमना कामाचं टेन्शन आहे.

सिनेमा! हो, बघते की. दरवर्षी एकच.

माझं माहेर दौंडचं. वडील रेल्वेत गँगमन होते, आणि क्वार्टरमध्ये आमच्या भिंतीला भिंत लागून मार्थामावशीचं घर. तिचे यजमान, आमचे काका, मालगाडीवर गार्ड होते. पुढे दोन्ही घरांनी दौंडातच शेजारी शेजारी जागा घेतल्या, इतकं आमचं जमायचं. नाताळला सकाळी मावशी चर्चमधून आली, करंज्या आणि केकची ताटं घरोघर फिरली, की दुपारी सगळी पोरंबाळं, बायाबापड्या तिच्या पुढच्या खोलीत. मग सिनेमा. काकांनी पुण्याहून आणलेली सीडी होती, इंग्रजी. बर्फात एक रेल्वेगाडी अडकते आणि प्रवाशांना नाताळ एका बारक्या स्टेशनात काढावा लागतो, एवढीच गोष्ट. रेल्वेच्या माणसांना आणखी काय हवं?

इंग्रजी कोणाला येत नव्हतं. म्हणून मावशी टीव्हीशेजारी खुर्ची टाकायची, आवाज बारीक करायची आणि सगळं मराठीत सांगायची. मिशीवाला स्टेशनमास्तर हा थोरला भाऊ. लाल मफलरवाली बाई ही त्याची बहीण, वाटणीवरून भांडून गेलेली. शेवटी दोघं फलाटावर समोरासमोर येतात, तिथे मावशीचा आवाज भरून यायचा — "आगं, रुसलीस तर रुसलीस, पर सणाला घरी यायचं बी सोडायचं का?" आई पदर डोळ्यांना लावायची. मीसुद्धा रडायचे. पुढे काय आहे ते पाठ असून रडायचे.

लग्न होऊन मी शिरूरला आले, नोकरी लागली, मीटिंगमध्ये बोलून बोलून इंग्रजी सुधारलं. एकदा तोच सिनेमा मला मोबाईलवर सापडला. खाली अक्षरं येत होती, म्हणून नीट बघितला — आणि काय सांगू! ते दोघं भाऊबहीण नव्हतेच. बाई आपली हरवलेली बॅग मागते आहे, आणि तो सांगतो आहे की सामानाचं ऑफिस सकाळी उघडेल. बस्स. वाटणी नाही, रुसवा नाही, काही नाही. सगळं मावशीच्या मनचं.

त्या वेळी मला काय वाटायला हवं होतं? ज्या बाईला इंग्रजी येत नाही, तिने आमच्यासाठी अख्खी गोष्ट रचली, वर्षानुवर्षं सांभाळली, एकदाही नाव किंवा नातं चुकलं नाही — असं काहीतरी. ते मला फार नंतर वाटलं. आधी वाटलं ते हे, की आमच्या शिफ्टच्या ग्रुपवर मजा येईल.

त्या नाताळला मी ओढणीआड मोबाईल धरला आणि फलाटावरचा तो प्रसंग मावशीच्या आवाजासकट रेकॉर्ड केला. घरी आल्यावर खाली खरे संवाद लिहिले. वर मावशीचा गहिवर, खाली हरवलेली बॅग. लोक हसून हसून लोळले. मला किती बरं वाटलं! कंपनीत मला कोणी विनोदी म्हणत नाही.

ग्रुपवरची गोष्ट ग्रुपवर राहते का कधी? आठवड्याभरात ती क्लिप दौंडात पोचली. चर्चच्या पोरांनी पाहिली, भाजीबाजारात पाहिली. मावशी मेथी निवडत होती आणि कोणीतरी मागून म्हणालं, "मावशी, बॅग घावली का?" तिला कळेना. मग कोणीतरी मोबाईल काढून दाखवला.

इथपर्यंत सांगणं तसं सोपं आहे. गंमत केली, अंगाशी आली — असं कोणीही म्हणेल. मी एवढ्यावर थांबले असते तर तुम्ही मला माफही केलं असतंत. पण खरी गोष्ट याच्या पुढे आहे, आणि मी केव्हाची तिच्याभोवती घिरट्या घालते आहे.

मी माहेरी गेले असताना मावशी आली. आमच्या पायरीवर बसली. चेहरा उतरलेला. म्हणाली, "वर्षे, तुला ह्या मोबाईलमधलं कळतंय. हे कुणी केलं आसंल गं? आपल्याच खोलीतलं कुणीतरी हाय."

मी म्हणू शकत होते — मावशी, मी. दोन शब्द. तिने शिव्या घातल्या असत्या, आईने बोलणं टाकलं असतं, उन्हाळ्यापर्यंत सगळं निवळलं असतं. मी काय म्हणाले?

मी म्हणाले, "मी कोणाचं नाव घेत नाही मावशी. पण एस्तेरच्या हातात मोबाईल होता."

एस्तेर म्हणजे मावशीची सून. शिरूरची, इंग्रजी शाळेत शिकलेली, लग्न होऊन वर्षही झालेलं नव्हतं. त्या दुपारी ती माझ्या शेजारीच बसली होती आणि तिच्या हातात मोबाईल होता, हे खरं — ती आपल्या आईला व्हिडिओ कॉलवर नाताळ दाखवत होती. म्हणजे मी खोटं असं काहीच बोलले नाही. किती जपून बोलले बघा! इतकी हुशारी मी कामात कधी दाखवली नाही.

मावशी उठली. जाताना म्हणाली, "मला बी तेच वाटलं व्हतं."

एस्तेरने बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. मावशीने तिचा हात बाजूला केला, म्हणाली, "त्याला तरी शिवू नगंस." पुढे रोजची धुसफूस, आणि पाऊसकाळाच्या आत मुलगा बायकोला घेऊन शिरूरला भाड्याच्या खोलीत गेला. आता त्यांना मुलगी आहे. मावशीला नात बघायला मिळते ती नाताळच्या दिवशी. एस्तेर मला बाजारात भेटते, मावशीच्या गुडघ्यांची चौकशी करते. मी घाईत असल्यासारखं करते. तिला माहीत असेल का? कधी वाटतं असेल, कधी वाटतं नसेल — आणि मी दुसऱ्या रस्त्याने घरी येते.

नाताळला सिनेमा अजून लागतो. मावशी मात्र सांगत नाही. इंग्रजी आवाज मोठा करून ठेवते, पोरं थोडा वेळ बसतात आणि अंगणात पळतात. गेल्या नाताळला ती दारात स्टीलची परात घेऊन उभी होती. आत जायच्या आधी प्रत्येकाने मोबाईल परातीत ठेवायचा.

एस्तेर माझ्या पुढे होती, लेक कडेवर. तिने मोबाईल परातीत ठेवला. मावशीने तो उचलून बंद झालाय का बघितलं आणि परत ठेवला.

मी पर्स उघडली. मावशीने माझा हात धरला.

"तुझा ऱ्हाऊ दे वर्षे. तुझ्यावर इस्वास हाय माझा."

एस्तेर वळून बघत होती. मी पर्सची चेन लावली, आत गेले आणि पुढच्या खुर्चीवर बसले.