काळ्या-पांढऱ्या बायकांचा बोर्ड

आमच्या भाजीबाजारात बायकांसाठी मुतारी नाही. यावर मी पत्रकांवर पत्रकं काढली, लोकांनी त्यात भडंग बांधून नेलं. महापालिकेच्या साहेबांना विचारलं तर म्हणायचे, "बायकांची तशी तक्रार नाही." तक्रार काय विजेच्या खांबापुढं करायची? म्हटलं, शब्द बास झाले. आता बायकांची तोंडंच चिकटवते.

शाहूपुरीतला एक जुना फोटो स्टुडिओ बंद होत होता. गिऱ्हाइकांनी कधी न नेलेल्या फोटोंचं खोकं मालकानं मला देऊन टाकलं. "ने, पण कुणाच्या तोंडाला कात्री लावू नकोस." नाही लावली. कडेकडेनं एकेक बाई अलगद सोडवली. भोवती जुनी एसटीची तिकिटं, काडेपेट्यांवरची चित्रं, रद्दीतल्या लग्नपत्रिका आणि मैद्याची खळ. चळवळीतले दोस्त हसले, "क्रांती राहिली, ही बसलीय चिकटवत!" हसू देत. इतकं सुख मला घोषणा देऊनही कधी मिळालेलं नाही.

एक पोरगी मला फार आवडली. पुठ्ठ्याच्या चंद्रावर बसलेली, पण नजर अशी की फोटोग्राफरलाच दम देतेय. तिला मधोमध लावली. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बायकांची मुतारी कधी?' साहेब बाजाराची पाहणी करायला येणार होते, त्या दिवशी भल्या सकाळी बोर्ड बाजारात टांगला आणि चहाला गेले.

परत येते तर बोर्डाला हार, पुढं उदबत्ती! खालची ओळ टोमॅटोच्या क्रेटांमागं गेलेली. आमच्याकडं चौकात रंगीत तोंड लागलं की वाढदिवस, काळं-पांढरं लागलं की श्रद्धांजली. लोकांचं काय चुकलं?

तेवढ्यात कसबा बावड्याहून मेथी घेऊन येणारी मावशी आली. शेजारची मिरचीवाली हळहळली, "मावशे, ही मधली तुझ्यासारखीच दिसत्या की. भण व्हती काय?"

मावशीनं पाटी खाली ठेवली. "भण कुठली? मीच हाय ती!" मग माझ्याकडं वळली, "मला मारलीस व्हय गं, पोरी?"

"मावशी, तुमचा फोटो स्टुडिओतच राहिला होता..."

"ऱ्हाणारच की. स्थळाला दावायला काढलेला. फोटो यायच्या आदी लगीन ठरलं, मग आणतंय कोण?" तिनं पदरानं चंद्रावरची धूळ पुसली. "बरी व्हतो की गं मी."

मी सुतळी सोडायला लागले. माझी सगळी मेहनत गेली तरी चालेल, पण जित्या बाईला हार नको.

"थांब. खाली काय लिवलंयस?"

क्रेट सरकवून मी वाचून दाखवलं. मावशीनं त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बाजारात आलो की मी पाणी पीत न्हाय. ठाव हाय तुला? का, तर जायाचं कुठं? ऱ्हाऊ दे बोर्ड."

हार काढेपर्यंत साहेब आलेच. उदबत्ती बघून त्यांनी चपला काढल्या, हात जोडले, मान खाली घातली.

मावशी मधे येऊन उभी राहिली. "सायेब, कुणाला हात जोडताय? मी जित्ती हाय. मेलेल्या बाईला मुतारी लागत न्हाय, मला लागत्या."

सगळा बाजार हसला. साहेब एका पायानं चपला शोधत होते, तोवर ती शेडमागच्या मोकळ्या जागेत जाऊन पोचलीसुद्धा.

"हितं बांधा," तिथूनच ओरडली. "या की!"