सतरा मेंढ्यांची खुरं

ज्या माणसानं दोन पावसाळे मेंढ्या चिखलात उभ्या ठेवल्या, त्यानंच माझ्या वडिलांना, आबांना, चारचौघांत विचारलं, "माझ्या मालाला हात लावायची परवानगी तुम्हाला कुणी दिली?" या गोष्टीला बरेच महिने झाले. माझा राग उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

आमची वस्ती भोंगवलीच्या बाजूला, माळावर. मेंढरांवरच आमचं घर चालत आलं. मी घरातली पहिली पदवीधर, भोरला नोकरी करते, आणि मेंढपाळाची पोर म्हणून कुणी हिणवलं तर त्याला तिथल्या तिथं उत्तर देते.

कळपात एक मेंढी पुढं चालणारी असते. रस्ता असो, ओढा असो, ती पाय टाकते आणि मग बाकीच्या तिच्या मागं. ही गोष्ट शिकवून येत नाही, ती असावी लागते. आमची तशी मेंढी म्हातारी होऊन गेली. तिच्या वळणावर गेलेली एकच लेक होती. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून आई तिला टिकली म्हणायची. पण टिकली आम्ही आधीच विकून बसलो होतो.

ती घेतली पुण्याच्या एका साहेबांनी. वेल्ह्यात, पासलीच्या वर डोंगरउतारावर जमीन घेऊन त्यांनी फार्महाऊस बांधलं होतं. येणाऱ्या पाहुण्यांच्या पोरांना खेळायला कोकरं पाहिजेत, म्हणून वीस मेंढ्या पाहिजे होत्या. आबा म्हणाले, "घ्या निवडून." साहेबांनी ठिपका बघितला आणि पहिलं बोट टिकलीवरच ठेवलं. आई मागून खुणा करून दमली. आबांनी नंतर तिला एवढंच सांगितलं, "निवडून घ्या म्हणालो ना? मंग आता कशी मागं घेऊ?"

मेंढ्या टेम्पोत चढवताना मात्र आबा साहेबांना बजावून सांगत होते, "साहेब, तुमच्या तिकडं पाऊस लई. मेंढराच्या पायाखाली कोरडं पायजे, न्हाईतर खुरं सडत्यात. न्हाई जमलं तर पावसाळ्यात हितं आणून सोडा, मी सांबाळतो. मला काय द्यायला नगं."

साहेब हसले. "मामा, शेड बांधलंय मी. तुमच्या घरापेक्षा भारी आहे."

आबाही हसले. मी हसले नव्हते.

म्हातारी मेंढी गेल्यावर आमच्या कळपाला पुढं कुणी उरलं नाही. चारणीला जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागतो. आई बाभळीच्या शेंगा हातात घेऊन पुढं चालायची, निम्म्या मेंढ्या तिच्या मागं यायच्या, निम्म्या रस्त्याच्या कडेला थबकायच्या, आणि मधे ट्रक भोंगा वाजवत उभे. एकदा दोन मेंढ्या चाकाखाली गेल्या. आई थोडक्यात वाचली. त्या दिवसापासून आबा एकच बोलायचे, "टिकली पायजे व्हती."

अशात मोबाईलवर एक यादी फिरत आली. साहेब फार्महाऊस विकून निघाले होते आणि तिथल्या सामानाचा लिलाव होता. पाण्याची मोटर, पाईप, गवत कापायचं मशीन, झोपाळा, आणि झोपाळ्याच्या खाली 'मेंढ्या – १९'. वीसातली एक गेलीच होती. सगळ्यात शेवटी लिहिलेलं, 'सर्व वस्तू आहे त्या स्थितीत विकल्या जातील.' सोबत फोटो होता. टिकली त्यात होती, एक पाय वर धरून उभी.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण बरंही वाटलं. लंगड्या मेंढीवर कोण बोली लावणार? ती आपल्याला सहज मिळेल. मी आबांना दहादा समजावलं, "तिच्याकडं बघायचं नाही. ओळख दाखवायची नाही. बोली संपेपर्यंत लांब उभं राहायचं."

"व्हय," आबा म्हणाले.

शेजाऱ्याचा टेम्पो घेऊन आम्ही निघालो. विंझरला चहा घेताना मी पुन्हा सांगितलं. "व्हय म्हणलं की," आबा म्हणाले. "शाळेत घालतीस का काय मला?"

शेड खरंच भारी होतं. वर रंगीत पत्रा, खाली चिखल-शेणाचा घोटाभर काला. पहिल्या पावसाळ्यात ठेवलेला गडी सोडून गेला, नंतर दुसरा ठेवलाच नव्हता. मेंढ्यांची लोकर दोन वर्षं कातरलेली नव्हती, तिच्यात शेणाचे गोळे वाळले होते. आणि खुरं! वाढून चपलेच्या टोकासारखी वर वळलेली, बोटांच्या बेचक्यात सडलेली. काही मेंढ्या पुढचे गुडघे टेकून चरत होत्या. ज्यांनी पुढचे गुडघे टेकून चरणारी मेंढी बघितलेली नाही, त्यांना मी काय सांगू. आणि चार पावलांवर त्या पाहुण्यांच्या पोरांचा झोपाळा. त्याला मात्र ताजा रंग दिलेला.

मी नाव नोंदवायला पुढं गेले. अंगणात पाईपांची बोली चालली होती. परत येऊन बघते तर आबा शेडमागच्या कोरड्या फरशीवर बसलेले, मांडीत मेंढी उलटी धरलेली, हातात चाकू. माणसं गोल करून बघत होती.

ती मेंढी टिकली होती. पहिलीच!

मी जवळ जाऊन दात चावत म्हटलं, "आबा, काय ठरलं होतं आपलं?"

"खडा रुतलाय बग आत," आबा म्हणाले. त्यांनी खूर तासलं, सडका भाग काढला, पिशवीतली हळद तेलात कालवून भरली आणि तिला सोडलं. टिकली दोन पावलं अडखळली. मग चार पायांवर सरळ चालत गेली. बघणाऱ्यांतला एक म्हणाला, "अरे, ही तर चांगली आहे की!"

मी तिथंच समजून चुकले. आबा मात्र दुसरी धरून बसले होते, मग तिसरी. एकेक मेंढी लंगडत त्यांच्याकडं यायची आणि चालत जायची, आणि भोवती माणसं वाढत होती. सतरा झाल्या तेव्हा साहेब आले. गर्दी बघून खूश. "वा मामा! आमच्या मेंढ्यांना एकदम तयारच करून टाकलंत!"

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "साहेब, सतरा मेंढ्यांचं काम झालंय. त्याची मजुरी नको आम्हाला. ती ठिपक्याची मेंढी बोलीच्या आधी रास्त भावात आम्हाला द्या."

"तसं कसं ताई, लिलाव आहे. नियम असतात."

"नियम तुमच्याच कागदावर आहे. आहे त्या स्थितीत विकणार, असं लिहिलंय तुम्ही. ही स्थिती तुमची नाही, माझ्या वडिलांनी केलेली आहे."

त्यांचं हसू गेलं. माझ्याकडं न बघता ते आबांकडं वळले आणि तो परवानगीचा प्रश्न विचारला. वर म्हणाले, "एखादी मेली असती तर जबाबदार कोण?"

आबांनी चाकू मिटला, कोपरीच्या खिशात ठेवला आणि उठून उभे राहिले. दोन मेंढ्या तशाच राहिल्या. मला वाटलं, आता तरी बोलतील. ते म्हणाले, "चुकलं साहेब."

कुणाचं चुकलं? मी अजून विचारते, कुणाचं?

बोली सुरू झाली. पानशेतकडं रिसॉर्ट असलेल्या एका माणसानं टिकलीवर बोट ठेवलं. आबांनी जवळ होतं तेवढं सगळं बोलून टाकलं आणि मग त्यांचा हात खाली आला. एक वार, दोन वार, तीन वार. टिकली तिच्या नव्या मालकाच्या टेम्पोत फळीवरून स्वतःच चढली, आणि तिच्या मागोमाग विकलेल्या, न विकलेल्या, दुसऱ्यांनी घेतलेल्या सगळ्या मेंढ्या चढायला लागल्या. एकच गोंधळ! तो रिसॉर्टवाला टाळ्या पिटत म्हणाला, "हिला ट्रेनिंग दिलंय वाटतं!"

"तिच्या आयेनं दिलंय," आबा हळूच म्हणाले. मग त्याच्याजवळ जाऊन सांगायला लागले, "साहेब, पायाखाली कोरडं पायजे बरं का..." तो मोबाईलवर फोटो काढत होता.

राहिल्या त्या दोन लंगड्या. मटणाचा एक व्यापारी पुढं आला. "ह्या माझ्याकडं द्या, उद्याच निकाल लावतो." दुसरं कुणी बोललं नाही. मी आबांच्या हाताकडं बघितलं आणि म्हटलं, "आबा, नाही." हात वर गेला होता. व्यापारी हसला, "घ्या मामा, घ्या. औषधपाणी करत बसा."

येताना मी त्यांना सोडलं नाही. "आधी बोली, मग खुरं. एवढंच तर होतं!"

"आन तवर तिनं तीन पायांवर उबं ऱ्हायचं?"

"तासाभराचा प्रश्न होता, आबा!"

"तू ऱ्हा तासभर उबी, खडा घेऊन."

आई वस्तीच्या तोंडाशीच उभी होती. टेम्पोचं फळकं पडलं, दोन मेंढ्या लंगडत उतरल्या. "टिकली कुटं?" तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं, आबांची चूक जरा फुगवूनच सांगितली. मला वाटलं, आता ही तरी माझ्या बाजूनं भांडेल. रोज ट्रकांपुढं हीच चालते.

तिनं एका मेंढीचा पाय उचलून बघितला. "ह्यांची खुरं का ऱ्हायली?"

"साहेबानं थांबवलं," आबा म्हणाले.

त्यावर आई त्या साहेबाला जे बोलली ते इथं लिहिता येणार नाही. ऐकून माझं पोट भरलं. मग ती आबांकडं वळली.

"आन तुमी थांबलासा?"

आबा तिथंच मातीत बसले. आईनं मेंढी आडवी धरली आणि त्यांनी चाकू उघडला. मी बाजूला उभी राहून बोलत होते, माझं म्हणणं बरोबरच होतं, पण ऐकायला दोघांनाही वेळ नव्हता. उद्या रस्त्यावर पुढं कोण चालणार, हे कुणी विचारलं नाही. चालायची आईच.