तीन डोंगरांची खरचुडी

तुळसा मेंगाळ मलंगगडाच्या पायथ्याशी ठाकरवाडीत राहायची. नवरा साप चावून लवकर गेला. पदरात एकटा उत्तम. डोंगरातली औषधी मुळं खणून ती दर सोमवारी कल्याणला न्यायची आणि शेणाळे तळ्याजवळच्या अण्णा ओक वैद्यांच्या ओटीवर पाटी उतरवायची.

१८८५ च्या भाद्रपदात अण्णांनी पाटीतून खरचुडीची वेल उचलली आणि तिचं कंदिलासारखं फूल उजेडात धरलं.

"मागच्या खेपेला ठिपके होते जांभळे. हे नुसतंच हिरवं?"

"ती मलंगाची व्हती. ही चंदेरीच्या डोंगरावरची."

"अगं, खरचुडी ती खरचुडीच ना?"

"नाय अण्णा. कंदाची चव बी येगळी. माझ्या म्हायेरी, माहुलीवर, तिसरीच हाये. लांब नळीची."

पुढच्या पंधरवड्यात तुळसा माहुलीला चालत जाऊन आली. अण्णांनी तिन्ही फुलं ओळीने मांडली आणि दुपारभर त्यांची चित्रं काढली. जेवायला दोनदा बोलावणं आलं, तरी उठले नाहीत.

"खाली शेताच्या बांधावर का नाही होत ही?"

"लावून बघितली म्या. कुजती. तिला कातळाचा उतार लागतो."

"म्हणजे डोंगराचा माथा तेवढाच तिचा. मधली भाताची खाचरं तिला समुद्रासारखीच. मग एका माथ्यावरून दुसऱ्यावर पोचली कशी?"

तुळसाने पाटीतली वाळकी शेंग फोडली आणि फुंकर मारली. रेशमासारख्या शेंडीचं एकेक बी ओटीवरून तरंगत अंगणात गेलं.

"अशी. हजारातली एखादी पोचती. मंग तिथं एकलीच ऱ्हाती. तिथलं ऊन, तिथला वारा, तिथली माशी. पिढ्या गेल्या की तिथल्यावानीच व्हती. मी नाय का, लगीन होऊन आले तवा माझं बोलणं ऐकून इथल्या बाया हसायच्या. आता म्हायेरची हसतात."

अण्णांनी ते शब्द जसेच्या तसे वहीत उतरवले.

दुसऱ्या वर्षी पन्नाशीचे अण्णा धापा टाकत तिच्या मागोमाग मलंगावर चढले. उत्तमच्या जन्माच्या साली तिथे दरड कोसळून कातळ उघडा पडला होता. तुळसा तो दरवर्षी बघत आली होती. आधी शेवाळ धरलं, मग नेचे आले, मग गवत. गवताच्या मुळाशी बोटभर माती अडली, तेव्हा कुठे बाराव्या वर्षी खरचुडीची पहिली वेल दिसली. आता तिथे चाळीसेक होत्या. मोठा कंद घ्यायचा, लहान तसाच ठेवायचा, हा तिचा नेम होता.

अण्णांची वही अकरा वर्षं भरत गेली. तिची नक्कल त्यांनी मुंबईच्या एका विद्वान मंडळाकडे पाठवली. उत्तर आलं नाही. पुन्हा पाठवली. तेव्हा 'पोचले' एवढंच लिहिलेलं कार्ड आलं.

१८९७ साली कल्याणात प्लेग शिरला. सोमवारी तुळसा आली तर दाराला कुलूप होतं आणि भिंतीवर तांबडी खूण. शेजारच्या दगडू न्हाव्याने लांबूनच सांगितलं, "अण्णा तीन दिवसांत गेले गं. प्लेगवाल्यांनी अंथरूण, कपडे, कागद, सगळं अंगणात पेटवलं."

"वही?"

"सगळंच, बाई."

ती पाटी तशीच उचलून परत गेली.

दोन वर्षांनी पाऊस पडलाच नाही. उत्तम मुंबईला गोदीत काम शोधायला गेला आणि त्याचा निरोप येईना. घरात तुळसा, सून गोदा आणि चार वर्षांची नात रतन. माघापर्यंत नाचणी संपली, मग झाडांचा पाला संपला. फाल्गुनात तुळसा पहार घेऊन दरडीवर चढली. मोठे कंद काढले. मग लहानही काढले.

"समदंच खणता, आत्या?" गोदाने विचारलं.

"पोरीला काय घालशील?"

दोन दिवसांनी वाडीतल्या बायका पोरं कडेवर घेऊन दारात उभ्या राहिल्या. कुणी काही मागितलं नाही. तुळसाने त्यांना दरडीची वाट दाखवली. आठवड्यात तो कातळ खरवडून निघाला.

ज्येष्ठात रतनला हगवण लागली आणि ती गेली.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. श्रावणात तुळसा वर गेली. दरड हिरवीगार होती. ती गुडघ्यांवर बसून गवताचा एकेक झुबका बाजूला करत सरकत राहिली. एकही कोंब नव्हता. चंदेरीवर तर नुसते खड्डे. माहुलीला अवघड कड्यावर दहा-बारा वेली उरल्या होत्या. त्यांची शेंग पिकेपर्यंत ती भावाकडे राहिली आणि बी पदरात बांधून आणलं. पुढच्या पावसाआधी ते तिने दरडीच्या फटीफटींत घातलं. पाचसहा कोंब आले, वीतभर वाढले आणि श्रावण सरायच्या आत पिवळे पडले.

"पुन्हा आणू या का?" गोदा म्हणाली.

"किती येळा?" तुळसा म्हणाली.

दसऱ्यानंतर दोघी सासूसुना कल्याणच्या रस्त्यावर खडी फोडायच्या कामाला लागल्या. उत्तमचा पत्ता कधीच लागला नाही.