ब्रेन्नाच्या जागी लांगनेस

दरवर्षी फेब्रुवारीत, आयविंदच्या वाढदिवसाला, हिल्दूर पेत्राकडे कॉफीला जाते आणि तिला गाडीने सोडायचं काम माझ्याकडे असतं. जाताना ती माझ्या खटाऱ्याला नावं ठेवते, हवेला शिव्या घालते. येताना तोंडातून शब्द काढत नाही. बेटावरचे लोक म्हणतात, म्हातारी तुसडी झाली. त्यांना काय कळतंय डोंबल! म्हणून हे सांगायला बसलो.

मी आर्नफिन, त्या काळी हवाई दलाच्या तळावरचा ड्रायव्हर. तेव्हा अर्धं बेट तळावर जगायचं आणि उरलेलं अर्धं माशांवर. तळावर माहिती कार्यालय नावाच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत हिल्दूर, आतल्या खोलीत मेजर लोरेंत्सेन. वर्तमानपत्रांना आमच्याबद्दल जे काही कळायचं, ते हिल्दूरच्या टाइपरायटरमधून. विमानांचे फोटो छापायला जाण्याआधी ती ब्रश घेऊन बसायची आणि पंखाखालचं जे परक्याने बघू नये, ते राखाडी रंगाने झाकून टाकायची. इतकं सफाईदार, की तिथे काही होतं याची शंकाही यायची नाही.

तिचा एक नियम होता आणि त्याचा तिला ताठा होता. मला म्हणायची, "खोटं लिहायला अक्कल लागत नाही, आर्नफिन. खरंच लिहायचं. फक्त कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे."

एकदा उतरणारं विमान पाद्रीबाबांच्या मेंढ्यांत घुसलं. हिल्दूरने लिहिलं, विमानाचं किरकोळ नुकसान, वैमानिक सुखरूप. दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबा वर्तमानपत्र नाचवत हजर. "माझ्या चार मेंढ्या मेल्या, त्यांचं नाव कुठाय यात?"

"मेंढ्या गोपनीय आहेत, पाद्रीबाबा," हिल्दूर मान वर न करता म्हणाली.

ते बेटभर झालं. कोणी काही लपवलं की लोक म्हणायचे, असू दे, मेंढ्या गोपनीय आहेत. हिल्दूरला ते आवडायचं. तेव्हा ती हसायची, आणि तिचं हसू पार मोटारींच्या शेडपर्यंत ऐकू यायचं.

आयविंद हा पेत्रा आणि इंगोल्फचा एकुलता एक. बाप कोळी, आजा कोळी, आणि हा लढाऊ विमानाचा वैमानिक. सुट्टी असली की बापाच्या होडीत बसून गळाच्या दोऱ्या ओढायचा आणि वर इंगोल्फला सुनवायचा, "बाबा, तुमच्या या डबड्यापेक्षा माझं विमान कमी हलतं." इंगोल्फ बाहेर सगळ्यांना ते रंगवून सांगायचा. पोराचं कौतुक त्याला लपवता यायचं नाही.

त्या नोव्हेंबरात एका दुपारी मी टपाल घेऊन माहिती कार्यालयात गेलो. हिल्दूर मेजरच्या खोलीच्या दारात उभी होती. आत टेबलावर रेडिओ आणून ठेवला होता. त्यातून खरखर येत होती आणि खरखरीतून मधूनच माणसाचा आवाज.

"इथे आहे मी. ऐकताय का? इथे आहे."

आवाज मी ओळखला. तरी विचारलं, "कोण?"

"आयविंद," हिल्दूर म्हणाली. "ब्रेन्नाच्या बाहेर विमान पडलं. हवाई छत्रीने उतरलाय, पाण्यात आहे, अंगावरच्या रेडिओवरून बोलतोय."

"मग हेलिकॉप्टर?"

"खिडकीबाहेर बघ."

बाहेर आडवा बर्फ येत होता. समोरची शेडसुद्धा दिसत नव्हती.

"अगं, मग होड्यांना सांगा! ब्रेन्नाला आज मासे धरायला अर्धं गाव गेलंय."

तिने हातातला कागद माझ्यापुढे धरला. ब्रेन्नाजवळच्या सर्व बोटींनी तातडीने, असं सुरू होत होतं. किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्राला एक फोन केला की ते प्रत्येक होडीत ऐकू गेलं असतं. कागदावर मेजरने लाल रेघ मारली होती.

ब्रेन्नाला समुद्राच्या बुडाशी काय आहे, ते बेटावर सगळ्यांना ठाऊक होतं. समुद्रापलीकडच्या शत्रूच्या पाणबुड्या जातात, त्यांचा आवाज ऐकणारं यंत्र. त्याची तार किनाऱ्यावर आणली तेव्हा खड्डे आमच्याच पोरांनी खणले होते. पण ठाऊक असणं वेगळं आणि बोलणं वेगळं. तळाबद्दल बोलायचं नाही हे आमच्याकडे मुलं चालायच्या आधी शिकतात. ब्रेन्नाच्या पाण्यावरून आमची विमानं काय करतात, हे उघड्या रेडिओवर जाऊ देणं मेजरच्या अधिकारात नव्हतं. तो राक्षस नव्हता. असता तर सोपं झालं असतं. दक्षिणेला वरिष्ठांना फोन लावून तो परवानगी मागत होता, विनवत होता, आणि पलीकडचा माणूस त्याला थांबायला सांगत होता. नौदलाची बोट निघाली आहे, म्हणत होता.

मला मेजरने हाकलून दिलं. गाडीत बसून वाट बघ, म्हणाला. मी बसलो. कशाची वाट बघायची ते मला कळलं होतं. बऱ्याच वेळाने हिल्दूर बाहेर आली, डोक्यावर टोपी नाही, अंगात कोट नाही.

"आता बोलत नाहीये तो," ती म्हणाली. "परवानगी आली. आत्ता आली."

मग मला पाद्रीबाबांना आणायला पाठवलं.

मरणाची बातमी द्यायला पाद्रीबाबा काळ्या कोटात गाडीत बसले की आमच्या गावात सगळ्या खिडक्यांमागे बायका उभ्या राहतात. गाडी पुढे गेली की त्यांचा श्वास सुटतो आणि मग पुढच्या घराची पाळी. मला ते काम कधीच जमलं नाही. त्या संध्याकाळी इंगोल्फ नुकताच समुद्रावरून परतला होता. बर्फ सुरू झाल्यावर दोऱ्या गुंडाळून तो घरी आला होता आणि दारातच बूट काढत होता. माझी गाडी थांबलेली पाहिली आणि एक बूट हातात धरून तो तसाच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं: सरावाच्या उड्डाणात लांगनेसच्या दक्षिणेला समुद्रात विमान कोसळलं, वैमानिक मृत्युमुखी. लांगनेस म्हणजे बेटाचं दुसरं टोक. हिल्दूरने आयुष्यात लिहिलेलं ते पहिलं खोटं. मेजर म्हणाला होता, "एका जागेचं नाव बदलायचंय फक्त." आई-बापांना अधिकृत पत्र गेलं, तेही तिनेच टाइप केलं. त्यात होतं की आयविंदला क्षणात मरण आलं, त्याला काही कळलंसुद्धा नसेल. सही मोठ्या साहेबांची.

नौदलाला छत्री मिळाली, पोरगा मिळाला नाही. तिकडे पेत्राने हट्ट धरला. पोर सापडल्याशिवाय चर्चची घंटा वाजवू द्यायची नाही, प्रार्थना नाही, दगड नाही. पाद्रीबाबांना तिने दारातूनच परत पाठवलं. आणि इंगोल्फ रोज होडी काढून लांगनेसला जायला लागला. सूर्य आता उगवतच नव्हता, इतक्या उत्तरेला भर हिवाळ्यात तो उगवत नाहीच. जेवणाच्या वेळेच्या आसपास जरा निळसर उजेड यायचा, तेवढ्यात म्हातारा ते पाणी चाळायचा. त्याची छाती आधीच भरलेली, खोकला धक्क्यापर्यंत ऐकू यायचा. शेजाऱ्यांनी समजावलं. डॉक्टरने सांगितलं की असाच गेलास तर नाताळ बघणार नाहीस. तो हो म्हणायचा आणि सकाळी पुन्हा होडीचा दोर सोडायचा.

माहिती कार्यालयाच्या खिडकीतून ती होडी जाताना दिसायची. हिल्दूरने खिडकीला कागद चिकटवला.

एक दिवस ती मेजरच्या खोलीत शिरली. दार उघडंच राहिलं होतं.

"म्हातारा मरेल, मेजर. माझ्या एका शब्दापायी चुकीच्या पाण्यात मरेल."

"हिल्दूर, तू गुप्ततेच्या कागदावर सही केली आहेस. तोंड उघडलंस तर तुरुंग आहे, आणि मला थांबवता येणार नाही."

"त्याला एकट्याला सांगते. तो कोणाला बोलणार नाही."

"नाही." मग हळू आवाजात, "मलाही झोप येत नाही गं. पण नाही."

ती थेट माझ्याकडे आली. "गाडी काढ. धक्क्यावर."

"सुट्टी मिळाली?"

"गाडी काढ म्हणते ना!"

रस्त्यात ती एकदाच बोलली. "फोन माझ्या हाताशी होता, आर्नफिन. मेजर पाठमोरा होता. मी नुसता उचलायचा होता." वायपर चालू होता, त्याच्याकडे बघत राहिलो.

इंगोल्फ होडीच्या झोपडीत बसला होता, कंदील लावून, हातातल्या जाळीला गाठी मारत. आम्हाला बघून त्याने पेटीवरचं सामान बाजूला केलं. "बस, पोरी. कॉफी गार झालीय, पण आहे."

हिल्दूर बसली नाही. "इंगोल्फकाका, लांगनेसला जाऊ नका. तो तिथे पडलाच नाही. ते मी लिहिलं. खोटं लिहिलं."

इंगोल्फने गाठ पुरी केली. "ब्रेन्नाला पडला. माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"नौदलाच्या बोटी कुठे दिवे लावून उभ्या होत्या, ते आंधळ्यालासुद्धा दिसलं असतं. सगळ्या कोळीवाड्याला माहीत आहे. मी गेलोही होतो तिकडे. बंदुकवाल्यांनी परत पाठवलं."

"मग लांगनेसला कशाला जाता? जीव द्यायला?"

"पेत्रासाठी. ती वर्तमानपत्र उशाशी घेऊन झोपते. त्यात जे लिहिलंय ते तिला खरं हवंय. कुठेतरी मी शोधतोय, एवढ्यावर ती उठते, जेवते." तो थांबला, खोकला आवरला. "आणि वर्तमानपत्र खोटं म्हटलं की ती पत्राचं विचारेल. क्षणात गेला, कळलंसुद्धा नाही, ते. ते पण तूच लिहिलंस ना?"

हिल्दूरने मान डोलावली.

इंगोल्फने जाळी खाली ठेवली. त्याने हात काखेत दाबून धरले. "पोरी, त्या दिवशी मी ब्रेन्नालाच होतो. माझ्या दोऱ्या तिथेच होत्या. बर्फ आला तसा मी गुंडाळलं आणि घराकडे वळलो. घरी येऊन कॉफी प्यायची होती मला. तो जर पाण्यात जिवंत होता, आणि मी तिथून वळून कॉफी प्यायला आलो..." त्याला खोकल्याची उबळ आली. "मला जागेचं काही नको. तेवढं सांग. तू तेव्हा तळावर होतीस. पत्रातलं खरं आहे?"

मी दारात होतो. माझ्या कानात तो आवाज होता. इथे आहे मी. ऐकताय का. हिल्दूरने माझ्याकडे पाहिलं नाही. ती पेटीवर बसली, तिने इंगोल्फचे हात काखेतून काढून आपल्या हातांत घेतले. खरं सांगायला आलेली बाई ती. नोकरी, तुरुंग, सगळ्यावर पाणी सोडून आलेली.

"खरं आहे," ती म्हणाली. "मी तिथेच होते, काका. तो एक शब्दही बोलला नाही."

म्हातारा रडला. आम्ही दोघं तिथेच थांबलो, त्याचं होईपर्यंत. मग त्याने नाक पुसलं आणि म्हणाला, "तू हे येऊन पेत्राला सांग. पत्राला काय, सही साहेबाची. तू तोंडाने सांगितलंस तर ती ऐकेल."

तिने जाऊन सांगितलं, आणि पेत्राने हट्ट सोडला. त्या रविवारी चर्चची घंटा वाजली. इंगोल्फने होडी वर ओढून घेतली आणि पुढे बरीच वर्षं जगला. हिल्दूरने मात्र त्या वसंतात तळ सोडला आणि डबाबंद माशांच्या कारखान्यात कामाला लागली. तिला शिक्षा झाली नाही. ती काय बोलली होती हे कोणाला कळलंच नाही. परवानगी मागणाऱ्याचं आणि थांबवणाऱ्याचं नावही कुठे आलं नाही. तिच्या त्या एका वाक्याने म्हातारा वाचला, आणि तळसुद्धा वाचला. हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

आता इंगोल्फ नाही. पेत्रा नव्वदीला टेकलीय, पण फेब्रुवारीत टेबल मांडते, लेफ्सेच्या पोळ्या लाटते, शेजारपाजारच्यांना बोलावते. मलाही आत बसवते. यंदा तिच्या भाचीची सून आली होती, नवी, दक्षिणेकडची. भिंतीवरचा फोटो बघून तिने विचारलं, हे कोण? पेत्राने सांगितलं सगळं. विमान, लांगनेस, वादळ.

"पण त्याला काही सोसावं लागलं नाही हो," पेत्रा म्हणाली, आणि हिल्दूरच्या गुडघ्यावर हात ठेवला. "ही तिथे होती. हिल्दूर, सांग ना हिला."

हिल्दूरने कप खाली ठेवला आणि दरवर्षीसारखंच सांगितलं.