नेव्हिलनं खोडलेला पाणलावा

यारंबल आणि आसपासच्या गावांत कुणालाही वेगळा पक्षी दिसला, की तो आधी नेव्हिल स्क्रिव्हनच्या हाताखालून जायचा. लोक फोनवरच्या ॲपमध्ये नोंद करायचे, आणि नोंद जरा चमत्कारिक वाटली तर ती नेवच्या संगणकावर येऊन अडकायची. त्यानं मान्य केली तर पक्षी खरा. नाही तर ‘पुन्हा नीट बघा’ एवढंच उत्तर यायचं. बावीस वर्षं त्याचा हा बिनपगारी दरारा चालला होता. “नेव हो म्हणेपर्यंत इथं बदकसुद्धा बदक होत नाही,” असं तळ्यावर गळ टाकून बसणारे रिकामटेकडे म्हणायचे, आणि नेवला ते मनातून फार आवडायचं.

पेशानं तो दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर, आता निवृत्त. शेताशेतांवरून दूध गोळा करता करता तिथल्या तळ्यांवरचे पक्षी त्याला पाठ झाले. शाळा अर्धवट सुटलेली, पण दलदलीत दडून बसणारा पाणलावा उडाला की नुसत्या उडण्यावरून त्याची जात सांगायचा. शहरातले प्रोफेसर त्याला पत्र लिहून विचारत. अशा माणसाला ‘मी चुकलो’ म्हणायची सवय कुठून असणार?

मार्चमध्ये एका सकाळी त्याला रस्त्यावरची पांढरी रेघ मध्येच वाकडी दिसली. रंगवणारा पिऊन आला असेल, असं त्याला वाटलं. मग विजेचे खांबही वाकले. पुढे पुढे तो ज्या गोष्टीकडे थेट बघेल, नेमकी तीच एका करड्या डागाखाली जायला लागली. कडेचं सगळं दिसायचं, समोरचं तेवढं नाही. तो घाबरला, आणि घाबरलेली माणसं करतात तेच त्यानं केलं. कुणाला काही सांगितलं नाही.

डॉक्टरकडे जायची सोयच नव्हती. डॉक्टर पहिल्यांदा गाडी बंद करणार, आणि गाडी बंद म्हणजे थेल्माचं जेवण बंद. थेल्मा त्याची बायको. तीन वर्षांपूर्वी तिचं अर्धं अंग लुळं पडलं, तेव्हापासून ती सव्वीस किलोमीटरवरच्या शुश्रूषागृहात होती. एकदा तिच्या घशात घास अडकला आणि ती निळी पडली. त्यानंतर तिनं चमच्याची अशी धास्ती घेतली, की दिवसभर ती दाट केलेल्या सुपावर राहायची आणि संध्याकाळचं जेवण फक्त नेवच्या हातून घ्यायची. साडेचारला तो पोचला नाही, तर तिचे दात घट्ट मिटलेले.

म्हणून तो रोज जीव मुठीत धरून गाडी चालवायचा. गेल्याच आठवड्यात त्या डागातून एकाएकी माणूस निघाला, ‘थांबा’ची पाटी हातात धरलेला रस्त्यावरचा मजूर. ब्रेक कसाबसा लागला. मजुरानं आईबापांचा उद्धार केला, तो ऐकून नेवला रडू फुटलं. शिव्या देतोय म्हणजे जिवंत आहे.

आणि हाच माणूस घरी येऊन लोकांच्या नोंदी खोडत होता. कुणी काही कळवलं की तो तळ्यावर जायचा, दुर्बीण लावायचा, त्याला काही दिसायचं नाही, आणि आपल्याला दिसलं नाही म्हणजे तिथं नाही, हा त्याचा बावीस वर्षांचा हिशेब. त्या वसंतात, म्हणजे तिकडच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, त्यानं एकट्या ब्रॉनविन कापसालिसच्या अकरा नोंदी खोडल्या.

ब्रॉन बेकरीत कामाला होती, गावात नवी होती, आणि सकाळी बाबागाडी ढकलत तळ्याला फेऱ्या मारायची. तिची अकरावी नोंद होती गावामागच्या तळ्यातल्या रंगीत पाणलाव्याची. हा पक्षी अख्ख्या देशात मोजकाच उरलाय. नेव दोनदा जाऊन आला आणि त्यानं ‘साधा पाणलावा’ असा शेरा मारला. गावची कौन्सिल त्याच मागच्या तळ्याचा गाळ काढणार होती. तिथं कुणी घरटं केलंय का, हे दरवर्षीसारखं नेवलाच विचारलं गेलं. त्यानं ‘काही नाही’ असं लिहून दिलं.

मंगळवारी सकाळी ब्रॉननं त्याला वाटेतच गाठलं.

“नेव, उद्या सातला पंप लागतोय. तळं कोरडं होणार.”

“ठाऊक आहे मला.”

“त्याच्या डोळ्याभोवती पांढरं होतं. खांद्यावर पांढरा पट्टा, असा गळाच्या आकड्यासारखा वाकलेला. साध्याला असतो का तो?”

“उन्हासावलीचा खेळ असतो तो. दोन-तीन वर्षं बघत राहा, कळायला लागेल.”

“अकरा वेळा हेच ऐकवलंत. मी पाव विकते, नेव, पण आंधळी नाही.”

ती सहज बोलली होती, पण ‘आंधळी’ हा शब्द नेवच्या अंगाला चिकटला तो चिकटलाच. दुपारी तो गमबूट चढवून एकटाच मागच्या तळ्यात उतरला. तिला खोटं पाडून मोकळं व्हायचं, एवढाच विचार डोक्यात होता.

पाणकणसांत शिरल्यावर दोन पावलांवर सळसळ झाली. नेवनं समोर बघितलं. नुसता डाग. त्यानं नजर बाजूला वळवली तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यात काळं, जाड वेटोळं आलं. टायगर साप, जहाल विषारी. मान हलवायचीही सोय नव्हती. सापाला नजरेत ठेवायचं तर दुसरीकडे बघत राहणं भाग होतं. असा तो किती वेळ उभा होता कोण जाणे.

साप गेला. आणि नजर तशीच तिरकी असताना, पलीकडच्या गवताच्या बेटावर त्याला पांढरा आकडा दिसला. त्यानं घाईनं सरळ बघितलं, पक्षी नाहीसा. पुन्हा बाजूला बघितलं, पक्षी हजर. डोळ्याभोवती पांढरं. जरा फिका, म्हणजे नर. रंगीत पाणलाव्यात नरच अंडी उबवतो, आणि हा जागचा हलत नव्हता.

सापाला तो घाबरला होता त्यापेक्षा आता जास्त घाबरला. ज्या दोन खेपांना त्यानं ‘काही नाही’ म्हटलं, तेव्हाही हा इथंच बसलेला असणार. बाकीच्या दहा नोंदीही खऱ्याच असणार.

काठावर येऊन त्यानं कौन्सिलच्या डॅरेलला फोन लावला. बागा आणि तळी डॅरेलकडे होती.

“पंप थांबव. रंगीत पाणलावा अंड्यांवर बसलाय.”

“अरे लेका, तूच काही नाही म्हणून लिहून दिलंस ना! मशीन येऊन उभं आहे. एका रात्रीत पक्षी उगवला?”

“आत्ता बघितला.”

“आधी नाही, आता हो. साहेबाला काय सांगू? दुसऱ्या कुणी बघितलाय का?”

“ब्रॉननं. तिनं आधीच कळवलं होतं.”

“कोण, ती बेकरीवाली? तिचं धरू नका, तिला कावळा-बगळा कळत नाही, हे तूच म्हणाला होतास. भर मीटिंगमध्ये.”

घड्याळात तीन वाजले होते. गाडी चार पावलांवर होती. आत्ता फोन ठेवला असता, तर दीड तासानं तो थेल्माला भरवत बसला असता, आणि उद्याही, आणि परवाही. पुन्हा रस्त्यात एखादा मजूर डागातून निघेपर्यंत.

“तिला सगळं कळतं,” तो म्हणाला. “तिच्या अकराच्या अकरा नोंदी बरोबर आहेत. मलाच दिसत नाही, डॅरेल. समोरचं काही दिसत नाही. मार्चपासून.”

डॅरेल हळू आवाजात म्हणाला, “मग तळ्यावर आलास कसा?”

“गाडीनं.”

“बसून राहा तिथंच. किल्लीला हात लावू नकोस. मी येतोय.”

पंप लागला नाही. त्या संध्याकाळी डॅरेलनं नेवला थेल्माकडे नेलं आणि परतताना गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुरुवातीलाच आला असतात तर बरंच काही वाचलं असतं. थेल्मा होती त्या गावाला म्हाताऱ्यांसाठीची बस मंगळवारी आणि शुक्रवारी जाते. बुधवारी-गुरुवारी डॅरेलनं सोडलं, शुक्रवारी नेव बसनं गेला.

शनिवारी पावणेपाचला फोन वाजला. शुश्रूषागृहातली लुपे नर्स होती.

“नेव, ती तोंड उघडत नाहीये. सारखी दाराकडे बघतेय.”

“फोन तिच्या कानाला लाव,” नेव म्हणाला. त्यानं फोन दोन्ही हातांनी धरला. “थेल, मी आहे गं. भोपळा आहे, तुझ्या आवडीचा. लुपे अगदी छोटा घास देतेय. उघड बघू.”

चमचा वाडग्याला लागल्याचा आवाज आला. मग लांबून लुपे म्हणाली, “घेतला.” नेव आता ठसका येतो की काय म्हणून ऐकत उभा राहिला.