भाचीचं बारसं आणि नावाची कमिटी

माझ्या भावानं ट्रॅक्टर घेताना कुणाला विचारलं नव्हतं, पण पोरगी झाली तशी तिचं नाव ठरवायला त्यानं व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. सासर-माहेरची मिळून चाळीस माणसं. त्यातली निम्मी रोज सकाळी सुप्रभात पाठवायची आणि उरलेली त्याला हात जोडायची. नावं काय ती एकटी भावजयच टाकायची.

तिच्या अटी ऐका. नाव आमच्या गावात, शहागडात दुसऱ्या कुणाचं नको, जमलं तर तालुक्यातही नको, जुनाट नको, आणि अर्थ एकदम भारी हवा. असं नाव सापडलं तर पोरीला हाक कोण मारणार आणि कशी, हा प्रश्न कमिटीपुढं कधी आलाच नाही.

मी घनसावंगीजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेते. म्हणजे ह्या भारी अर्थांची रोजची हजेरी माझ्याच नशिबात. मोबाईलवर बघाल तर प्रत्येक नावाचा अर्थ एक तर 'देवाची देणगी', नाहीतर 'सूर्याचा पहिला किरण'. माझ्या वर्गात सूर्याचे पहिले किरण चार आहेत, आणि चौघंही प्रार्थना संपल्यावर उगवतात. एक रियांश आहे. त्याच्या बापाला मी अर्थ विचारला तर तो म्हणाला, "मॅडम, अर्थाचं काय घेऊन बसल्या? मेव्हण्याच्या पोराचं कियांश हाय, मंग आपुन मागं कशाला राह्यचं?" बराबर आहे. आपण का मागं राहायचं?

जुनी माणसं त्यापेक्षा परवडली. लेकरं जगत नसली की पुढच्याचं नाव दगडू नाहीतर धोंडू ठेवायची, म्हणजे यमानंही म्हणावं, हा धोंडा उचलून नेऊ तरी कशाला. त्या नावाचा अर्थ शोधायला मोबाईल लागत नव्हता, अंगणात पडलेला असायचा. मधल्या काळात आई-बापांना साहेबीची हाव सुटली. आमच्या फाट्यावर पंक्चर काढणाऱ्याचं नाव कलेक्टर आहे. "ए कलेक्टर, मागची हवा बघ रे," असं ओरडताना ट्रकवाल्यांच्या तोंडावर जो आनंद दिसतो, तो पगाराच्या दिवशी माझ्याही तोंडावर नसतो.

ही सगळी मस्ती मी ग्रुपवर करत होते खरी, पण जीव अडकला होता दुसरीकडंच. नाव सांगायचा मान आत्याचा, आणि दोघी आत्यांमधली थोरली मी. माझा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. नाव काय ठेवायचं यासाठी चाळीस माणसांचा ग्रुप निघाला होता, आणि पाळण्यात वाकून ते सांगणार कोण, याबद्दल एकानंही चकार शब्द काढला नव्हता. एवढं न कळायला मी पहिलीत नाही, पहिलीला शिकवते.

शेवटी भावजयीनं 'रेवांशी' टाकलं. रेवा म्हणजे नर्मदा, तिचा अंश. बघता बघता ग्रुपवर अंगठ्यांची रांग लागली. मी लिहिलं, "अगं बाई, गोदावरी आपल्या घरामागनं वाहते, तिचं पाणी पिऊन पोरगी वाढणार, अन् अंश नर्मदेचा? ती नर्मदा पाह्यली तरी का तू कधी?" तिनं उत्तरादाखल तीन स्क्रीनशॉट पाठवले. मी आणखी चार प्रश्न विचारले. आठ दिवस आमचं हेच चाललं. भावानं मला एकटीला लिहिलं, "ताई, जाऊ दे ना आता." मी कशाला जाऊ देते!

बारशाच्या आदल्या दिवशी मी आईला फोन केला. "उद्या साडी कोणती नेसू गं?" मला साडीचं विचारायचं नव्हतं, हे तिलाही कळलं असणार.

"कोणतीबी नेस," आई म्हणाली. "सकाळी जल्दी ये. घुगऱ्या अन् सैपाक तुझ्याबिगर कुणाला जमतंय? धाकटी कालच आली पुण्याहून. पाळण्यापाशी ती राहील." मग म्हणाली, "लोकं बोलतेत गं."

वा रे लोकं! हरभरे शिजवायला माझे हात चालतात, नाव सांगायला तोंड चालत नाही. नवरा माझा गेला, आणि भीती ह्यांना. मला संताप आला. फोन ठेवल्यावर रडूही आलं, ते का लपवू? तरी सकाळी सहाच्या जीपमध्ये चौथी म्हणून पुढच्या सीटवर कोंबून घेतलं आणि गेले. सख्ख्या भाचीच्या बारशाला जाणार नाही तर कुठं जाणार?

दुपारी पाळणा सजला. बायकांनी गुंडाळलेला वरवंटा पाळण्याच्या खालून-वरून फिरवला, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" झालं. मी घुगऱ्यांची परात घेऊन सैपाकघराच्या दारात उभी. धाकटी पाळण्याकडं निघाली, पण भावजयीनं पाळण्यावर हात आडवा धरला.

"ताई कुठंयत?"

"ती कामात हाय," आई म्हणाली.

"मंग थांबू आपण."

आमची चुलती पुढं सरकली. "अगं, तसं चालत न्हाई. पोरीच्या भल्याचंच सांगून राह्यले मी..."

"काकू, पोरगी माझी हाय," भावजय म्हणाली. हात तिथंच होता. "नऊ महिने मी नावं शोधली. ग्रुपवर सगळ्यांनी नुसते अंगठे दाखवले. अर्थ एकट्या ताईंनी विचारला. आठ दिवस भांडल्या त्या माझ्या पोरीच्या नावासाठी. मंग नाव त्याच सांगतील."

मी तर तिची टर उडवायला भांडत होते. माझं मलाच तोंड लपवावंसं वाटलं. धाकटीनंच माझ्या हातातली परात काढून घेतली आणि मला दंडाला धरून पाळण्यापाशी नेलं.

पोरगी जागी होती. मी वाकले, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं, "रेवांशी." मग कुर्र केलं.

आत्यानं कुर्र केलं की भोवतीच्या बायका तिच्या पाठीत बुक्के घालतात, ही आमच्याकडची रीत. मी पाठ वाकवून तशीच राहिले. एकही हात उठला नाही. 

आणि एक बुक्का बसला, चांगला मणक्यात. मान वळवून बघते तर आई. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती दुसरा घालत होती. मग चुलतीनं घातला, मग धाकटीनं, मग सगळ्याच जणी तुटून पडल्या.

"लागलं का गं?" आईनं विचारलं.

"लागलं," मी म्हणाले. "अजून घाल."