तेच पान

कोथरूडमध्ये माझा सायबर कॅफे होता तेव्हा एक बाई दर गुरुवारी यायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. चष्मा पदराने पुसत त्या म्हणायच्या, "अहो, तेच पान लावा." डॉक्टरांनी लिहिलेला तो केस रिपोर्ट होता: सात वर्षांची मुलगी, दुर्मीळ आजार, निदानाला उशीर, मृत्यू. ती मुलगी त्यांचीच. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगायचो.

एका गुरुवारी त्याखाली परदेशातल्या डॉक्टरांचं पत्र दिसलं. हा रिपोर्ट वाचल्यामुळे त्यांनी तोच आजार वेळेत ओळखला होता. त्यांची पेशंटही सात वर्षांचीच, पण ती बरी होऊन घरी गेली होती.

बाईंनी स्क्रीनवर हात ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे ती आता आठ वर्षांची होईल."